रत्नागिरी शहराच्या जुन्या वस्त्या

रत्नागिरी शहराच्या जुन्या वस्त्या म्हणजे दक्षिण कोकणातील रत्नागिरी या जिल्ह्याच्या ठिकाणी, रत्नदुर्ग किल्ल्यापासून भाट्ये खाडीच्या मुखापर्यंत किनाऱ्यालगत आणि त्यामागील चढावर वसलेल्या वाड्या, वठारे, आळ्या व पेठा होत. आजचे शहर कोणी एका वेळी आखून वसवलेले नाही. झाडगाव, रहाटाघर, पेठ शिवापूर आणि किल्ला अशी मूळची चार स्वतंत्र गावे एकमेकांत मिसळून ते तयार झाले. १८२२ मध्ये ब्रिटिशांनी जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून येथे हलवले आणि १८७६ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १६,०९४ होती. २०११ मध्ये ती सुमारे ७६ हजार झाली. ही वाढ मुख्यतः पूर्वेकडील सड्यावर झाल्यामुळे जुन्या वस्त्या आज शहराच्या समुद्राकडील बाजूला राहिल्या आहेत. बाहेरून येणारा प्रवासी रेल्वेने किंवा महामार्गाने येतो व नवे शहर आधी पाहतो. शंभर वर्षांपूर्वीचा प्रवासी समुद्रातून येत असे आणि त्याला जुने शहर आधी दिसत असे. जुन्या वस्त्यांची रचना समजून घेण्यासाठी ही दुसरी वाट धरणे सोयीचे आहे.

भूरचना आणि पाणी

शहराच्या पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस काजळी नदीची भाट्ये खाडी आहे. उत्तरेस मिऱ्याचा डोंगर व त्याच्या कुशीतील उपसागर आहे. या सर्वांच्या मध्ये रत्नदुर्गाचे भूशिर समुद्रात घुसलेले आहे. त्याच्या उत्तरेकडील पुळण पांढऱ्या वाळूची असून तिला 'पांढरा समुद्र' म्हणतात. दक्षिणेकडील मांडवीची वाळू जड खनिजांमुळे काळी दिसते, म्हणून तो 'काळा समुद्र'. अवघ्या काही फर्लांगांच्या अंतरावर वाळूचा रंग असा बदलावा, हे पाहणाऱ्याला नवल वाटते.

किनाऱ्यामागे सखल पट्टा, त्यात माड-पोफळीची आगरे, त्यामागे चढ आणि वर जांभ्या दगडाचा उघडा सडा अशी ही जमीन पायरीपायरीने चढत जाते. सड्यावर मातीचा थर अतिशय पातळ असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही तेथे पाणी ठरत नाही. ते पऱ्यांतून खाली धावते आणि सखल भागातील विहिरींना लाभते. जुन्या वस्त्या सड्यावर न होता खाली का झाल्या, याचे पहिले कारण हेच आहे. वर कातळ होता आणि वारा होता. खाली पाणी, माड आणि मासळी होती.

'रहाटाघर' या नावातही पाण्याची खूण दिसते. रहाट आणि आगर हे दोन शब्द त्यात सहज ओळखू येतात. विहिरीच्या तोंडावर लाकडी चाक, त्याच्या माळेला बांधलेले लोटे, ते भरून वर आले की पन्हळीत रिकामे होणारे पाणी आणि तेथून आगरातील आळ्याआळ्यांत फिरवलेले पाट ही व्यवस्था कोकणपट्टीत सर्वत्र होती. पंप आल्यावर रहाट गेले. आज बहुतेक रत्नागिरीकरांना रहाटाघर हे नाव तेथील बसस्थानकामुळे माहीत असते.

विभागणीच्या तीन पद्धती

या शहराचे विभाग सांगण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पहिली महसुलाची. जमिनीच्या कागदपत्रांत झाडगाव, रहाटाघर इत्यादी मूळ गावांचीच नावे चालतात. दुसरी नगरपालिकेची. तिचे प्रभाग निवडणुकीसाठी आखले जातात, लोकसंख्येनुसार त्यांच्या सीमा बदलतात आणि लोकांच्या बोलण्यात त्यांना फारसे स्थान नसते. तिसरी ग्रामदैवताची. श्रीदेव भैरी हा 'बारा वाड्यांचा' देव मानला जातो आणि शिमग्यात त्याची पालखी ज्या वाड्यांतून फिरते तो जुना गाव, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिन्हींपैकी सर्वांत टिकाऊ ठरलेली विभागणी ही तिसरी आहे, असे म्हणता येईल. कारण ती कागदावर नसून वहिवाटीत आहे आणि दरवर्षी पायाखालून जाते.

पाण्याकाठच्या जुन्या शहरांत अशी वस्तीनिहाय ओळख जगात इतरत्रही आढळते. इटलीतील वेनिस हे कालव्यांचे शहर सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्यो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे अशा सहा भागांत विभागलेले आहे. तेथील घरांचे क्रमांक रस्त्याप्रमाणे न देता भागाप्रमाणे सलग दिलेले असल्यामुळे भागाचे नाव नसेल तर नुसत्या क्रमांकावरून घर सापडत नाही. दोर्सोदुरो या नावाचा अर्थ 'कठीण पाठ' असा आहे, म्हणजे दलदलीतील त्यातल्या त्यात घट्ट जमीन. रत्नागिरीकराला येथे आपला सडा आठवेल. साम्य मात्र येथपर्यंतच आहे. वेनिसचे भाग बाराव्या शतकापासून राज्यकारभारासाठी ठरवलेले होते. रत्नागिरीच्या वाड्या कोणी ठरवल्या नाहीत. त्या धंदा, जात, आडनाव आणि विहीर यांच्याभोवती आपोआप जमल्या.

या वस्त्यांना लागणारे शब्दही एकाच अर्थाचे नाहीत. 'वाडी' व 'वाडा' म्हणजे साधारणतः एका समाजाची किंवा एका कुळाची वस्ती. 'वठार' हा लहान घरसमूह असून त्याला बहुधा आडनावाची जोड असते, जसे घुडेवठार, चवंडेवठार. 'आळी' म्हणजे एका वाटेच्या दोन्ही अंगांना असलेली घरांची रांग. 'पेठ' म्हणजे बाजार. शहर वाढत गेले तसा यांत 'नाका', 'स्टॉप' आणि 'नगर' यांचा समावेश झाला. एखाद्या भागाच्या नावाचा शेवट पाहून तो कोणत्या काळातील आहे, याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

किल्ला आणि पेठ

रत्नदुर्ग हा घोड्याच्या नालासारख्या आकाराचा, तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला किल्ला आहे. त्याची उभारणी बहमनी काळात झाली, असे मानले जाते. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तो घेतला. त्यानंतर आंगरे व पेशवे यांच्या हातून १८१८ मध्ये तो ब्रिटिशांकडे गेला. बालेकिल्ल्यात भगवतीचे मंदिर आहे. समुद्राकडील टोकावर दीपगृह असून ते १८६७ मध्ये उभारण्यात आले. किल्ल्याच्या पायथ्याचे बंदर देवीच्या नावावरूनच भगवती बंदर म्हणून ओळखले जाते.

तटाच्या आतबाहेर असलेल्या वस्तीला 'पेठकिल्ला' म्हणतात. लष्करी ठाणे उठल्यावर किल्ल्याची वस्ती मोडते, असा अनुभव महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी येतो. येथे तसे घडले नाही. समुद्राचा धंदा जवळ असल्यामुळे लोक राहिले, आणि किल्ला हे शहराच्या एका भागाचे नाव झाले. पायथ्याशी भागेश्वराचे मंदिर आहे. ते भागोजीशेठ कीर यांनी बांधले. त्यांचा उल्लेख पुढे येणार आहे.

किनाऱ्यावरील वस्त्या

मांडवी हे जुन्या शहराचे दार होते. 'मांडवी' या शब्दाचा अर्थच जकातीचे ठाणे असा असून याच अर्थाने तो मुंबईत व पश्चिम किनाऱ्यावर अन्यत्रही आढळतो. आगबोटीच्या काळात बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी, आणि माणसे व माल पडावांतून आणावा लागे. बंदराचा तळ खडकाळ, आसरा अपुरा, आणि पश्चिमेचा वारा सुटला की मुखाशी लाटा फुटू लागत. त्यामुळे उतरणे नेहमीच सुखाचे नसे. पावसाळ्यात तर समुद्र बंदच होई. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाल्यावर तो पुन्हा उघडे. त्या काळी आंबा घाटातून कोल्हापूरला जाणारी वाट हाच घाटावर जाण्याचा मुख्य मार्ग होता. मंगळुरी कौले समुद्रमार्गे येऊ लागली, तेव्हा जुन्या गवती व नळ्यांच्या छपरांची जागा लाल कौलांनी घेतली, आणि आज ज्याला आपण 'पारंपरिक' कोकणी घर म्हणतो त्याचे छप्पर असे बाहेरून आले. आता मांडवी हे संध्याकाळी फिरावयास जाण्याचे ठिकाण झाले आहे. धक्क्यावर पडाव नाहीत, भेळेच्या गाड्या आहेत.

मांडवीच्या मागील व लगतच्या घुडेवठार, चवंडेवठार, खडपेवठार, विलणकरवाडी या वस्त्यांत भंडारी समाजाची घरे मोठ्या संख्येने आहेत. माड हा या समाजाच्या उपजीविकेचा आधार होता. नारळापेक्षाही माडी काढण्याचा हक्क महत्त्वाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अबकारीचे कायदे कडक झाले, माडावर कर बसला आणि अनेक कुटुंबांचा धंदा बसला. मुंबईला जाणाऱ्यांची रीघ त्यानंतर वाढली. गिरणीत, बंदरात, छापखान्यात आणि बांधकामावर काम करणाऱ्या या माणसांनी पाठवलेल्या पैशावर किनाऱ्यावरील घरे चालली. त्यामुळे रत्नागिरीच्या वठारांचा इतिहास अर्धा रत्नागिरीत आणि अर्धा गिरगाव, परळ, दादर येथील चाळींत घडला आहे.

मिरकरवाडा ही किल्ल्याच्या पायथ्याची मच्छीमार वस्ती असून येथील बंदर महाराष्ट्रातील मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक आहे. वस्तीत मुस्लिम मच्छीमार बहुसंख्य आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रत्नागिरीची मासेमारी लहान होड्यांची होती. पौष-माघाच्या सुमारास तारलीचे थवे किनाऱ्याजवळ येत, एका सकाळीत एका जाळेकऱ्याची होडी भरत असे, आणि मासळी इतकी होई की तिचा खत म्हणूनही उपयोग केला जाई. यांत्रिक नौका, बर्फाचे कारखाने आणि ट्रक आल्यानंतर हे चित्र पालटले. बंदराचा व्याप वाढला. त्याबरोबर गाळाचा प्रश्नही वाढला. मुखाशी वाळू साचली की ओहोटीच्या वेळी नौका आत-बाहेर करता येत नाहीत.

राजिवडा ही भाट्ये खाडीच्या उत्तर काठावरील वस्ती. येथेही मुस्लिम मच्छीमारांची घरे दाट आहेत. दालदी या नावाने ओळखला जाणारा हा समाज कित्येक पिढ्या खाडी आणि किनारा यांवर जगत आला आहे. येथील भाषा कोकणी मुस्लिमांची, म्हणजे मराठीच्या किनारी बोलीचेच एक रूप आहे. खाडीवर पूल होण्यापूर्वी पलीकडे भाट्ये, फणसोप, पावस या बाजूला जाण्यासाठी तरीचाच आधार होता. पुलाने वाट सुकर केली, पण त्याबरोबर तरीच्या धक्क्याचे आणि त्याभोवतालच्या वस्तीचे महत्त्व कमी झाले. पलीकडे भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे.

उत्तरेकडे मुरुगवाडा, पांढरा समुद्र, अलावा आणि त्यापलीकडे जाकीमिऱ्या व भाटीमिऱ्या अशी वस्ती जाते. या पट्ट्याचा विचार पुढे धूप या विषयाखाली केला आहे.

आळ्या आणि बाजार

किनारा सोडून चढाकडे वळले की आळ्या लागतात. वरची आळी, मधली आळी, खालची आळी ही नावे केवळ उंचीवरून पडलेली आहेत आणि अनोळखी माणसाला ती निरुपयोगी वाटतात, कारण कशाच्या वर आणि कशाच्या खाली हे आळीत राहणाऱ्यांनाच ठाऊक असते. राम आळी, मारुती आळी ही देवळांवरून, तेली आळी ही धंद्यावरून. जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. पुढे खळे व तुळस, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे विहीर व परसू असा क्रम असे. दोन घरांच्या हद्दीवर दगड रचून केलेला गडगा आणि चढउतारासाठी चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. पाखाडी ही गल्ली नव्हे. तिच्यावरून गाडी जात नाही. वाहनांच्या काळात ती मागे पडली याचे कारण हेच.

टिळक आळीत लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांचे जन्मस्थान आहे. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी येथे झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते. कुटुंबाचे मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव. १८६६ मध्ये गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली आणि कुटुंब तिकडे गेले. म्हणजे टिळकांचे रत्नागिरीतील वास्तव्य बालपणीच्या दहा वर्षांचे आहे. आळीला त्यांचे नाव पुढे मिळाले. कौलारू छपराचे ते घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे, आणि मध्यम स्थितीतील एका शिक्षकाचे एकोणिसाव्या शतकातील घर कसे होते, हे पाहण्यासाठीही ते उपयोगी पडते.

बाजारपेठेचा भाग गोखले नाका, राम नाका, राधाकृष्ण नाका, धनजी नाका असा नाक्यानाक्यांनी ओळखला जातो. येथील विठ्ठल मंदिरात एकादशीला मोठी यात्रा भरते. शहरातील नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पासूनची असून ते महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक गणले जाते. ठाणे येथे आल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत ग्रंथालय झाले. कचेरी, न्यायालय, शाळा आणि तुरुंग यांच्यामुळे जो लिहिणारा-वाचणारा वर्ग येथे जमला, त्याचा हा परिणाम होता, आणि आळ्यांचे स्वरूपही याच वर्गाने घडवले.

सडा: कचेऱ्या, बंगले आणि थिबा राजवाडा

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जुन्या वस्तीत घरे केली नाहीत. त्यांनी हवेसाठी चढावरील मोकळी जागा निवडली. यातून माळनाका आणि त्याच्या आसपासचा बंगल्यांचा भाग उभा राहिला. खाली दाट वस्ती आणि वर विरळ बंगले ही वसाहतकाळातील विभागणी आजही चालताना जाणवते.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला राज्य गेल्यानंतर एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. या गावाची निवड त्याच्या सौंदर्यासाठी झालेली नव्हती. येथे रेल्वे नव्हती, रस्ता अवघड होता आणि वर्षातील चार महिने समुद्रही बंद असे. बंदिवानाला ठेवण्यास यापेक्षा सोयीची जागा कोणती? पहिली कित्येक वर्षे राजा भाड्याच्या बंगल्यांत राहिला. त्याच्यासाठी खाडीकडे तोंड असलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. तेथे त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. १९१९ मध्ये राणी सुपायालात स्वदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीसच राहिली आणि १९४७ मध्ये येथेच वारली. राजाची व धाकट्या राणीची समाधी शिवाजीनगर भागात आहे. राजवाड्यात आता प्रादेशिक संग्रहालय असून भोवतालच्या भागाला थिबा पॅलेस हेच नाव पडले आहे. राजाने कधी न निवडलेल्या गावात एका मोहल्ल्याला त्याचे नाव मिळाले.

भैरीची पालखी

श्रीदेव भैरी हे रत्नागिरीचे ग्रामदैवत. त्याच्याबरोबर जोगेश्वरी, नवलाई, पावणाई आणि तृणबिंदुकेश्वर या देवतांची नावे घेतली जातात. फाल्गुनात शिमगा सुरू झाला की देवाला रूपे लागतात आणि होळीच्या रात्री पालखी मंदिराबाहेर पडते. त्या वेळी पोलीस दल पालखीला मानवंदना देते. पालखी जोगेश्वरीची भेट घेते, किनाऱ्यावरील वाड्या व वठारे, बाजारातील नाके असे फिरत झाडगावच्या सहाणेवर येते. सहाणेवर ती बसली की बारा वाड्यांचे लोक नवस फेडण्यास, गाऱ्हाणे घालण्यास आणि ओट्या भरण्यास येतात. मुंबईकर चाकरमानी गणपतीप्रमाणेच या दिवसांतही येतो, आणि आपल्या वाडीत पालखी कधी येणार याची चौकशी महिनाभर आधी पत्राने, आता फोनवरून, करतो.

या फेरीचा क्रम, पालखीला खांदा देण्याचा मान, गाऱ्हाणे कोणी घालावे याचा मान हे सारे परंपरेने ठरलेले आहे. त्यात वाडीचा स्वाभिमान गुंतलेला असतो. ज्या वाडीतून पालखी जाते ती वाडी गावात धरली जाते, आणि जेथे ती जात नाही तो भाग कितीही मोठा झाला तरी बाहेरचा राहतो. मारुती मंदिरापासून साळवी स्टॉप आणि कुवारबावपर्यंत वाढलेल्या वसाहतींत राहणारी हजारो कुटुंबे नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दृष्टीने रहिवासी असतात, पण शिमग्यात त्यांना जुन्या वाडीकडे जावे लागते.

वस्तीची सीमा आणि अस्पृश्यता

आळ्या आणि वाड्या यांचे वर्णन करताना त्या जातिनिहाय होत्या एवढे म्हणून थांबणे अपुरे ठरेल. जुन्या गावाची सीमा सर्वांसाठी सारखी नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची वस्ती गावकुसाबाहेर, पाणवठा वेगळा आणि देवळाची पायरी वर्ज्य होती. बारा वाड्यांचा नकाशा काढताना या वस्त्या कोठे दाखवल्या जात होत्या, हा प्रश्न इतिहासकाराने टाळू नये.

विनायक दामोदर सावरकर यांना जानेवारी १९२४ मध्ये सरकारने सशर्त मुक्त करून रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध केले. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. राजकारणावर बंदी असल्याने त्यांनी अस्पृश्यतानिवारण, सहभोजने, शाळांतील मुलांची एकत्र बैठक आणि देवळातील प्रवेश हे विषय हाती घेतले. विठ्ठल मंदिरातील प्रवेशावरून शहरात मोठा वाद झाला. जुन्या देवळात मतैक्य होईना, म्हणून सर्व हिंदूंना खुले असे नवे मंदिर बांधण्याची कल्पना पुढे आली. खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. ते रत्नागिरीचे, भंडारी समाजातील, गरिबीतून मुंबईस जाऊन बांधकामाचे मोठे ठेकेदार झालेले. दादरच्या हिंदू स्मशानभूमीशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिराचे उद्घाटन झाले. टिळक आळीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ते उभे आहे.

स्थळाच्या दृष्टीने या मंदिराचे वैशिष्ट्य असे की ते कोणत्याही एका वाडीचे नाही. जुन्या शहरातील बाकीची बहुतेक देवळे एखाद्या आळीची, कुळाची किंवा समाजाची आहेत. या मंदिराने वस्त्यांच्या सीमा पुसल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. राहण्याची घरे जेथे होती तेथेच राहिली. परंतु त्या सीमा ओलांडून एकत्र येण्याची एक जागा शहरात झाली, आणि तिच्यासाठी पैसा किनाऱ्यावरील वठारातून मुंबईला गेलेल्या माणसाने दिला.

धूप, बांधकाम आणि नावे

उत्तरेकडील मुरुगवाडा ते मिऱ्या हा पट्टा समुद्राच्या धुपीने वर्षानुवर्षे झिजत आहे. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड पावसाळ्यातील उधाणात सरकतात, पाणी माडांच्या बागांत शिरते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दगड टाकले जातात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी 'बसरा स्टार' नावाचे जहाज नांगर तुटून मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतले आणि बंधाऱ्याला लागून वर्षानुवर्षे पडून राहिले. ते पाहण्यास लोकांची गर्दी होत असे. बंधाऱ्यामागे राहणाऱ्यांना ते कौतुक वाटले नसावे.

चढावरील आळ्यांत धोका वेगळा आहे. तेथे घरे समुद्र नेत नाही. वाटण्या होतात, वारस मुंबई-पुण्यास असतात, कौले दरवर्षी परतावी लागतात आणि परतणारे कारागीर मिळत नाहीत. त्यामुळे चिऱ्याच्या घराच्या जागी सदनिकांची इमारत उभी राहते. परसातील विहीर बुजते किंवा वाहनतळाखाली जाते. पानवल आणि शीळ येथील धरणांचे पाणी नळाने आल्यापासून विहिरीची आठवण पाणीटंचाईच्या वर्षीच होते. टिळकांच्या घरासारख्या एखाद्या वास्तूला स्मारकाचे संरक्षण मिळते, पण आळी ही एका वास्तूची नसते. पाखाडी, गडगा, परसू आणि विहीर यांना वेगळे संरक्षण नाही.

नावांचा बदल अधिक हळू होतो. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि गावाच्या पूर्वेस दूर असलेल्या स्थानकाकडे शहर सरकू लागले. मिऱ्या ते नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग शहराच्या सड्यावरूनच जातो. रिक्षावाला आता पत्ता विचारताना स्टॉप, नाका किंवा इमारतीचे नाव विचारतो. घुडेवठार किंवा खडपेवठार म्हटले तर जुना माणूस लगेच वळतो. नवा माणूस मांडवी म्हणू का, असे विचारून खात्री करून घेतो.